निगेटिव्हवर काळं, कागदावर गोरं

अण्णा, मी तुमच्यावर रागावले आहे. तुम्ही होतात तेव्हा हे बोलायला जीभ रेटली नाही. आणि आता, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाल्यावर, जर्मनीत आखनजवळच्या एका जुन्या चर्चमध्ये भर दुपारी, चार लोकांत मला एवढा संताप आला की बाहेर येऊन पायरीवर बसावं लागलं. निमित्त किरकोळच होतं. आमच्या संस्थेने तिथे अवकाशाच्या चित्रांचं प्रदर्शन मांडलं आहे. दगडी खांबांच्या मधून माणसाच्या तिप्पट उंचीची कापडं सोडली आहेत आणि त्यांवर तेजोमेघ, दीर्घिका, एका मेलेल्या ताऱ्याभोवतीची धूळ. त्यातली तीन चित्रं मी रंगवलेली आहेत. होय, रंगवलेली. दुर्बिणीतून येतं ते सगळं करडं असतं. कुठल्या वायूला कुठला रंग द्यायचा ते आम्ही ठरवतो. तुम्ही फोटोतल्या मुलींच्या गालांवरचे मुरूम घालवायचात, मी ताऱ्यांमधले खोटे ठिपके घालवते. धंदा एकच म्हणा ना.

त्या चर्चची देखभाल एक म्हातारी बाई करते. हातात किल्ल्यांचा जुडगा आणि बोलणं तुटक. तिने मला मान वर करायला लावली. छताच्या कमानींवर निळ्या रंगात सोनेरी चांदण्या काढलेल्या आहेत. "हे सगळं युद्धानंतरचं," ती म्हणाली. "बाँबने छत गेलं होतं. तो कोपरा तेवढा जुना." कोपऱ्यात हातभर तुकडा होता, काजळलेला, त्यातल्या चांदण्या जेमतेम दिसत होत्या. मी विचारलं, तोही रंगवून का नाही टाकला? मी चोरी सुचवल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. "मग आम्ही काय केलं ते लोकांना कळणार कसं?" आणि लगेच माझ्या तेजोमेघाकडे बोट करून, "यात तुमचं काय?" मी म्हटलं, रंग सगळे माझेच. "ते लिहिलंय कुठे?" मी खालची पाटी दाखवली. कुठला वायू, कुठला रंग, सगळं त्यावर आहे. चष्मा लावून तिने ती शेवटपर्यंत वाचली, "गेनाऊ" म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर, आणि गेली. आणि मला तो फोटो आठवला. माझाच, तुम्ही काढलेला.

मी दहा वर्षांची आहे. चौकातल्या आपल्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत उतरत्या मेजावर दुधी काच आहे, काचेखाली बल्ब, वर कुणातरी मुलीची निगेटिव्ह. तुम्ही सँडपेपरवर पेन्सिल घासून तिला सुईसारखं टोक काढता आणि श्वास रोखून बारीक बारीक टिंबं देता. "निगेटिव्हवर काळं, कागदावर गोरं," तुम्ही म्हणता, आणि मी ते पाढ्यासारखं पाठ करते. उजेड म्हणजे काय, सावली कुठे संपते, हात कधी थांबवायचा, हे मला तुम्ही शिकवलंत, त्या खोलीत. आज माझं पोट भरतं ते त्यावरच, आणि हे कबूल करताना मला आणखी राग येतो. 'आधी उजळायची, मग उजवायची' हा तुमचा ठरलेला विनोद. निम्म्या गावातल्या मुली तुमच्या पेन्सिलीने उजवल्या, असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात. मीसुद्धा हसायचे. माझी पाळी येईल हे डोक्यातच आलं नाही.

माझ्या वेळी तुम्ही मुद्दाम ब्लॅक अँड व्हाइट रोल घातलात. "रंगीत फोटोत हात चालवता येत नाही," म्हणालात. दोन दिवस दार लावून बसलात आणि प्रिंट मला न दाखवता थेट पाकिटात घातलीत. पुढच्या रविवारी मंडळी आली. मुलाच्या आईने कप हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं, आतल्या दाराकडे पाहिलं आणि गोड आवाजात विचारलं, "मोठीला बोलावता ना? फोटोतल्या?" मी तुमची एकुलती एक. तुम्ही हसलात. "हीच हो ती. स्टुडिओत लाइट जरा जास्त पडतो." लाइट, अण्णा! बाईंनी पर्समधून फोटो काढून माझ्या तोंडाशेजारी धरला तेव्हा मी तो पहिल्यांदा पाहिला. नाक माझं, डोळे माझे, बाकी दुसरीच कुणीतरी. काम मात्र सुरेख होतं, एक टिंब जास्त नव्हतं. मंडळी गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "तोंड पाडून बसू नकोस, स्थळांना काय तोटा आहे." तोच फोटो पुढे आणखी तीन घरी गेला.

त्या बाईंवरचा राग केव्हाच विरला. त्यांना गोरी सून हवी होती, तसं त्यांनी दाखवलं. तुमच्यावरचा विरत नाही. ज्याने मला बघायला शिकवलं त्याने मला पाहिलं आणि दुरुस्त केलं. बरं, तुम्ही स्वतः माझ्याहून सावळे. "हो, मी केली गोरी," एवढं एकदा म्हणाला असतात तर मी भांडले असते, रडले असते आणि सोडून दिलं असतं. पुढे मी इकडे शिकायला आले, लग्नही केलं, फोटो न दाखवता. तुमच्या शेवटच्या आजारपणात पंधरा दिवस उशाशी बसले होते. मला वाटायचं, आज बोलाल, उद्या बोलाल. एका सकाळी तुम्ही माझा हात हातात घेतलात, नीट निरखलात आणि म्हणालात, "तिकडच्या थंडीने रंग उजळला गं तुझा." किती समाधानाने म्हणालात.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि तुम्ही असतात तरी मी ते टाकलं नसतं, कारण एक गोष्ट अजून लिहायची आहे. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. रंग तुमचाच. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते. शाळेकडून तिला दोन आठवडे प्राक्टिकुम करायचं आहे, म्हणजे कुठेतरी जाऊन काम शिकायचं. जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या एका आर्किटेक्टकडे तिने अर्ज केला. इथे अर्जाला फोटो लावायची पद्धत अजून आहे. "मामा, नूर डेन हिंटरग्रुंड," ती म्हणाली, आई, फक्त मागची भिंत पुसून दे. मी भिंत पुसली. मग मनात आलं, आडनाव वाचतानाच त्यांची जीभ अडखळणार, निदान चेहऱ्याने तरी अडू नये. आणि हात थांबवला नाही. तिचा रंग उजळला, थोडासाच, कुणाला कळणार नाही इतका. तिने फोनवरच बघितलं, "शोन", छान, म्हणाली आणि पाठवून दिला. चर्चमध्ये त्या बाईला मी ऐटीत पाटी दाखवत होते तेव्हा त्या अर्जाला आठ दिवस झाले होते. काल त्यांचं उत्तर आलं. गुरुवारी तिला भेटायला बोलावलं आहे. ती आनंदात आहे, काय घालू म्हणून सारखी विचारते आहे, आणि मी तिला अजून काहीच सांगितलेलं नाही.