पान चौदावरची ओळ

सोमवार, ता. ९

प्रिय तोंडास,
कानाचा नमस्कार.

तुझा निरोप पोचला. नातीला दोन दात आले आणि तिसरा वाटेवर आहे हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक. यांचा गुडघा पावसाचा अंदाज आता दोन दिवस आधी देतो. आई दिवसातून चारदा "मी काही आता फार दिवसांची नाही" म्हणते आणि लगेच विचारते, चहा ठेवलाय का.

तू विचारलंस, घरच्या कामाला दोन फायली ताडून पाहणारं कुठलं सॉफ्टवेअर घेऊ. "तू तर आता त्यातली तज्ज्ञ झालीस म्हणे!!!" तीन उद्गारचिन्हं. एका उद्गारचिन्हासाठी आपण लेखकांशी अर्धा अर्धा तास भांडायचो, आणि आता तू मूठभर उधळतेस. निवृत्ती मानवलेली दिसते.

पत्र कागदावर का, असं वाटेल. पडद्यावर खोडलेलं नाहीसं होतं. कागदावर खोडलेलं निदान खोडलेलं तरी दिसतं. या पत्रात ते बरंच दिसेल, चष्मा लावून बस.

तज्ज्ञ कशी झाले ते ऐक. छापखान्यात नवे व्यवस्थापक आलेत. यंत्रांच्या माहितीपुस्तिका आम्ही अजून जोडीने तपासतो, म्हणजे एकीने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसरीने प्रुफावर पट्टी सरकवत ऐकायचं, हे कळल्यावर त्यांनी असं पाहिलं, जणू आम्ही कागदही घरी लाटतो. दुसऱ्या दिवशी महिनाभर वापरून पाहायला तीन सॉफ्टवेअरं माझ्या संगणकात टाकली आणि म्हणाले, "ताई, तुमच्याइतका अनुभव कुणाला? तुम्हीच निवडा." बोकडालाच विचारलं, सुरी कुठली बरी. बोकडाने मान तुकवली.

तर पहिलं. हे आमच्या थोरल्या आत्यासारखं आहे. आत्या घरात पाऊल टाकते ती उशीचा अभ्रा उलटा आहे इथून सुरुवात करते. यालाही सगळं खुपतं. दोन शब्दांत जागा एकाऐवजी दोन, लाल. अक्षर केसभर मोठं, लाल. चाळीस पानांच्या पुस्तिकेत याने सहाशे बारा फरक काढले, त्यातले सहाशे अकरा कामाचे नव्हते. काय दुर्लक्षित करायचं ते याला शिकवता येतं, पण तेवढ्या वेळात पुस्तिका हाताने लिहून होईल.

दुसरं सभ्य. फक्त मजकूर बघतं, चित्रांकडे नि तक्त्यांकडे मान वर करून पाहत नाही. एकच खोड. परिच्छेद वरचा खाली केलास तर त्याला कळत नाही. खुर्ची या भिंतीची त्या भिंतीला सरकवली तर हे सांगणार, एक खुर्ची चोरीला गेली आणि एक नवी आली. पण दिसायला सुटसुटीत, शिकायला सोपं.

तिसरं दिसायला अगदीच ओबडधोबड. मात्र ते दोन फायलींवर थांबत नाही. अख्खे फोल्डर शेजारी शेजारी मांडतं, पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, अंतिम, सगळी भावंडं वयाप्रमाणे रांगेत. कुठल्या प्रतीत काय बदललं, कोणत्या दिवशी, किती वाजता, आणि कुणी फायलीला नोंद जोडली असेल तर तीही शेजारी उघडून दाखवतं.

तुला कुठलं, ते शेवटी सांगते.

परीक्षा घ्यायची तर उत्तर आधी माहीत असलेला पेपर हवा. फरक नेमका कुठे आहे हे आपल्याला ठाऊक असेल तरच सॉफ्टवेअरला सापडतो का ते कळणार. असा पेपर माझ्याकडे एकच होता. उत्तर नऊ वर्षं पाठ आहे. पान चौदा, खालून तिसरी ओळ.

हो, तीच. वाफेच्या इस्त्रीयंत्राची पुस्तिका.

इथे उठून आईला औषध दिलं. परत बसायला मला बराच वेळ लागला, त्याला आई कारण नव्हती.

आपली खोली आठवते ना? खिडकी नाही, दोन खुर्च्या समोरासमोर, मध्ये टेबल, त्यावर मान हलवणारा पंखा, आणि तो आपल्याकडे वळला की प्रुफावर दाबायला तुझा स्टीलचा डबा. तू वाचायचीस, सगळी विरामचिन्हं उच्चारून: "यंत्र सुरू करण्यापूर्वी स्वल्पविराम पाण्याची पातळी तपासा पूर्णविराम नवा परिच्छेद." बाहेरच्यांना वाटायचं, दोघी कसलं तरी स्तोत्र म्हणतायत. चौदा वर्षं. म्हणून तर तू तोंड आणि मी कान. नावं ठेवली बांधणी खात्याने, पण आपण ती मिरवली. मला सर्दी झाली की तूच शिंकायचीस.

आणि त्या आठवड्यात माझ्या डाव्या कानाला दडा बसला होता. तू रुमालाची घडी चहाच्या किटलीवर गरम करून माझ्या कानाशी धरलीस. "हं, आता ऐकू येतं का बघ. मालकीणबाई पगार वाढवतायत." "नाही, हे खोटं आहे म्हणजे नीटच ऐकू आलं." किती हसलो. मग गुरुवारी ती पुस्तिका घेतली, तेव्हा तू खुर्ची ओढून माझ्या उजव्या बाजूला, बऱ्या कानाशी येऊन बसलीस. समोर नाही, शेजारी. संध्याकाळी तपासणीपत्रावर दोघींनी सह्या केल्या. शुक्रवारी मी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. शनिवारी पुस्तिका छापायला गेली.

तीन महिन्यांनी त्या धुलाईकेंद्रातल्या बाईने झाकण उघडलं आणि उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजला. "झाकण उघडण्याआधी वाफ पूर्ण बाहेर जाऊ द्या" ही ओळ मूळ प्रतीत होती. छापील पुस्तिकेत नव्हती. सही केलेली प्रुफं शिरस्त्याप्रमाणे कधीच रद्दीत गेली होती, संगणकावर पानं जुळवणारे जुळारीबुवा नोकरी सोडून गावी गेले होते. उरलो आपण दोघी, मालकीणबाईंच्या टेबलासमोर उभ्या.

"वाचलं कुणी, ऐकलं कुणी?"

तू म्हणालीस, "मी ओळ वाचली होती, बाई. तिला ऐकू आली नसेल. बिचारीच्या कानाला दडा बसला होता त्या आठवड्यात."

बिचारीच्या.

आणि मी मान डोलावली! तू ओळ गाळलीस असं चौदा वर्षांत झालं नव्हतं, मग चूक ऐकण्यातच असणार. चार वर्षं पाठवणी खात्यात पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. तू तपासणीप्रमुख झालीस. कानामागून आली नि तिखट झाली, असं तेव्हा कुणीतरी म्हणालं, तर मीच त्याच्या अंगावर गेले. घरी हे म्हणायचे, "तुला तीन घरं पलीकडचं भांडण शब्दन्शब्द ऐकू येतं, आणि हातभर अंतरावरची ओळ नाही आली?" मी यांच्याशी आठवडाभर अबोला धरला. तुझ्यासाठी.

बरं. तर तिसऱ्या सॉफ्टवेअरला मी त्या पुस्तिकेचा, जुन्या संगणकात पडून राहिलेला अख्खा फोल्डर दिला. जुळारीबुवा स्वतःच्या सावलीकडूनही पोच घेणारे, त्यांनी प्रत्येक प्रत जपून ठेवली होती. गुरुवारची, आपण सह्या केल्या ती प्रत, त्यात ओळ आहे. शुक्रवार, सहा वाजून दहा मिनिटं, त्या प्रतीत नाही. शेजारी बुवांची नोंद: "कंपनीने चित्र मोठे करून मागितल्यामुळे मजकूर एक ओळ पुढच्या पानावर जात होता. तोंडबाईंच्या सांगण्यावरून पान १४ वरची एक ओळ काढली. अशीच सूचना पान ३ वर आहे, असे त्या म्हणाल्या. पान बसले."

मी पुन्हा ताडून पाहिलं. मग पहिल्याला दाखवलं, दुसऱ्याला दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिघांचं एकमत झालं.

पत्र आज इथेच थांबवते. बुधवारी मालकीणबाईंसमोर दाखवायचं आहे, कुठलं सॉफ्टवेअर काय करतं ते. कुठली फाईल उघडायची, हे मी अजून ठरवलेलं नाही. एक साधी निवडली आहे, पाण्याच्या पंपाची. पंपाने कुणाचं काही बिघडवलेलं नाही.

बुधवार, ता. ११

पंपाचीच उघडणार होते. खरंच. मालकीणबाई आल्या, व्यवस्थापक आले, बांधणी खात्यातले दोघे बिस्किटांसाठी आले. मी पंपाच्या फायलीवर बोट नेलं, आणि मालकीणबाई मागून प्रेमाने म्हणाल्या, "बघा हं, यंत्राला दडा बसत नाही."

सगळे हसले. बांधणीवाले जास्त हसले, त्यांना बिस्किटं मिळालेली होती.

मी इस्त्रीयंत्र उघडलं.

डावीकडे गुरुवार, उजवीकडे शुक्रवार, मध्ये पिवळी पट्टी, खाली बुवांची नोंद. मालकीणबाईंनी चष्मा वर केला, खाली केला. ओठ हलवत वाचलं. मला वाटलं, आता त्या माझ्याकडे बघतील. बघितलंही. म्हणाल्या, "अगंबाई. म्हणजे तुझा कान…"

"शाबूत होता," मी म्हटलं.

व्यवस्थापकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते पुढे वाकले, "उत्तम! हे शोधायला किती वेळ लागला याला?"

"सात सेकंद."

"मग हेच घेऊया."

आणि टाळ्या पडल्या, तोंडा. नऊ वर्षं आणि सात सेकंद, त्यांचा हिशेब माझ्यासमोर टाळ्यांनी झाला. मालकीणबाई जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आता जाऊ दे, ती काही इथे नाही, आणि इतक्या वर्षांनी उकरून काय मिळणार?" उकरायला तर त्यांच्याच व्यवस्थापकांनी सॉफ्टवेअर आणलं होतं. मी बश्या उचलल्या.

आता तुला सांगायचं ते सांगते.

ओळ काढलीस, त्याचा मला राग नाही. शुक्रवारची संध्याकाळ, छपाईची घाई, पान बसत नाही, आणि सूचना पान तीनवर आहेच. मी असते तर मीही कदाचित तीच काढली असती आणि दोघींनी मिळून शिव्या खाल्ल्या असत्या. चौदा वर्षांत आपण काय कमी खाल्ल्या? तू बाईंसमोर "बघू, आठवत नाही" म्हणाली असतीस तरी मी समजले असते. घाबरलं की माणूस काहीही बोलतो.

पण तू काहीही बोलली नाहीस. तू माझा दडा काढलास. किटलीवरचा रुमाल तुझा, माझ्या बऱ्या कानाशी ओढलेली खुर्ची तुझी, मला ऐकू येतं हे जगात एकट्या तुला माहीत, आणि नेमकं तेच उचलून तू टेबलावर ठेवलंस. परक्याला हे सुचलंच नसतं. आणि मग नऊ वर्षं माझ्याकडे येऊन चहा प्यालीस. माझ्या भाचीच्या लग्नात मिरवलीस. मला पाठवणीतून परत आणायला तूच शब्द टाकलास, आणि मी तुझे पाय धरायचे बाकी ठेवले होते. त्या वेळी तुला काय वाटत होतं, एवढं एकच मला कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही.

या नऊ वर्षांत मी रात्रंदिवस तो गुरुवार आठवून पाहिला. तुझा आवाज यायचा, पान तेरा यायचं, चौदा यायचं, आणि ती ओळ यायची नाही. मला वाटायचं, पाहा, नव्हतीच ऐकू आली. परवा पिवळी पट्टी बघितली आणि ती आली. तुझ्या आवाजात, मागेपुढे सगळ्या चिन्हांसकट: "ठळक सुरू. झाकण उघडण्याआधी वाफ पूर्ण बाहेर जाऊ द्या पूर्णविराम. ठळक संपलं." आणि तू मध्येच थांबून म्हणाली होतीस, "हे महत्त्वाचं आहे गं, ठळक नीट आलंय ना बघ."

आलं होतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू दुसरं घे. फक्त मजकूर बघतं. कुणी, कधी, कुणाच्या सांगण्यावरून, असलं काही विचारत नाही. तुला मानवेल.

आणखी एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. त्या धुलाईकेंद्रातल्या बाईकडे मी दर वर्षी एकदा जाते. पहिल्यांदा माफी मागायला गेले, माझ्या कानाला दडा होता, माझ्या हातून ओळ सुटली, असं सांगून रडले. आता तीच मला बसवते. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत, डाव्या हाताने इस्त्री करते, आणि माझ्यापेक्षा झपाझप. तिला अजून काही बोललेले नाही. ते माझं काम नव्हे. तिचा पत्ता या कागदाच्या मागे लिहिला आहे, आणि गुरुवार-शुक्रवारची दोन्ही पानं छापून सोबत ठेवली आहेत. उत्तर मला लिहू नकोस, आधी तिकडे जा.

दर वर्षी मी निघाले की ती दारापर्यंत येते आणि न चुकता विचारते, "ताई, कान बरा आहे ना आता?"

तिला काय सांगायचं, ते तू सांगून ये.

~~तुझी~~
कान