खेचराच्या मागच्या बुचाची हकीकत

तीर्थस्वरूप दादास,

तुझ्या धाकट्या बहिणीचा लांबूनच नमस्कार. लांबूनच अशासाठी, की माझ्या हातांना अजून असा वास येतोय की जवळ येऊन पाया पडले असते तर तूच मागे सरला असतास. तुझी पाठ कशी आहे? वहिनीचा गुडघा? मुलं तुझं ऐकतात का? (उत्तर माहीत आहे, रीत म्हणून विचारते.) आईची तब्येत उत्तम आहे, जरा जास्तच उत्तम आहे. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर मीटिंगमध्ये असतोस, म्हणून हे पत्र.

विषय खेचराचा. म्हणजे तू आणि बाबांनी मागच्या शेडमध्ये बांधलेल्या, पुढून मोटार आणि मागून मालगाडी असलेल्या त्या वाहनाचा, जे तू नोकरीसाठी गेलास तेव्हा माझ्या गळ्यात घातलंस. मी ते दवाखान्यापर्यंत नेते आणि परत आणते. एवढ्याशा अंतरात ते गुणी जनावर आहे. पण गेल्या महिन्यात मावशीचा फोन आला. हो, आपल्याच मावशीचा! तुला आठवतच असेल, खेचर अर्धवट असताना सगळ्यांच्या पंगतीत ती म्हणाली होती, हे फाटकाबाहेर निघालं तर मला कळवा. बाबा हसले, तू हसलास, आई हसली नाही, आणि तेव्हापासून बहिणी-बहिणींचा अबोला. आता मावशीनं स्वतःहून फोन करून आईला घरी बोलावलं. आईनं "येते" म्हणून फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "जाऊ तर खेचरातूनच."

म्हणून रस्ता बघायला मी आणि तुझे मेहुणे गावाबाहेर एक चक्कर मारून आलो. गाडीनं वेग घेतला तसा मागून कुणीतरी गळा काढल्यासारखा आवाज यायला लागला. तुझे मेहुणे (गाण्याचे मास्तर पडले) डोळे मिटून म्हणाले, सूर चांगला आहे. मी गाडी तडक कोपऱ्यावरच्या गॅरेजात नेली. गॅरेजवाल्यानं खाली वाकून पाहिलं, ही कुठली गाडी म्हणून विचारलं, मी खरं ते सांगितलं, तेव्हा तो "मागच्या ॲक्सलचं तेल बघा" एवढं बोलून जेवायला गेला, तो आम्ही उठून येईपर्यंत परतलाच नाही.

मग म्हटलं, आपणच बघू. दिवसभर लोकांच्या दाढा उपटणाऱ्या बाईला एक बूच काढता येऊ नये? शनिवारी दुपारी दवाखाना बंद करून घरी आल्यावर मी अंगणात गाडीचा मागचा भाग जॅकनं उचलला, लोखंडी घोड्यांवर टेकवला आणि सतरंजी घेऊन खाली शिरले. मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या त्या ॲक्सलच्या मधोमध जो लोखंडी गोळा आहे, त्याला दोन बुचं. एक तळाशी, तेल सोडायचं. एक मागच्या अंगाला जरा वर, तेल भरायचं. शहाणा माणूस आधी वरचं सैल करून बघतो, कारण भरायचं बूच उघडणार नसेल तर आत आहे ते तेल सोडून उपयोग काय? हे मला आता माहीत आहे. तेव्हा तळाचं दिसायला सोपं होतं, म्हणून मी तेच उघडलं.

आतून निघालं बशीभर. काळं, काकवीसारखं, आणि वास असा की दवाखान्यातून मागोमाग येऊन आमच्या पायरीवर सूज उतरायची वाट बघत बसलेला माझा एक पेशंट बरा वाटतंय म्हणून निघून गेला. म्हणजे गॅरेजवाला बरोबर होता, ॲक्सल जवळजवळ कोरडाच चालला होता. मी तळाचं बूच पुसून घट्ट लावलं आणि वरच्याकडे वळले. ते मला दिसेचना. शेवटी दवाखान्यातला दात बघायचा आरसा आणला, तेव्हा ते टाकीच्या आडोशाला सापडलं. पेट्रोलची टाकी तू नेमकी त्याच्या तोंडासमोर का बसवलीस? बाबा गेले, तू फोन उचलत नाहीस, म्हणजे हे आता कुणालाच कळायचं नाही. बुचाला चौकोनी खाच. माझ्याकडे चौकोनी काहीच नाही. स्क्रू-ड्रायव्हर लावून पाहिला, छिन्नी लावून पाहिली, लाडीगोडी लावून पाहिली. इतका घट्ट मिटलेला जबडा माझ्या सबंध कारकिर्दीत भेटलेला नाही. आता गाडीत तेल नाही, भरायची सोय नाही, आणि सकाळी निघायचं. तुझे मेहुणे बाजूला बूट काढून बसले होते, ते म्हणाले, बसनं जाऊ या का? खिडकीतून आई म्हणाली, "तुम्ही जा बसनं."

आणि दादा, ती खाली आली. हातात एक चौकोनी तोंडाची चावी (बाबांनी बोल्ट घासून केलेली, शिवणयंत्राच्या खणात असते म्हणे), नळाचा एक तुकडा आणि उकळत्या पाण्याची किटली. मी काही बोलायच्या आत ती पदर खोचून माझ्या शेजारी गाडीखाली येऊन आडवी झालीसुद्धा! मला म्हणाली, बुचाभोवती फडकं गुंडाळ, त्यावर पाणी ओत, लोखंड तापू दे, मग चावी, चावीवर नळ, आणि जोर तुझ्याकडे. "हे तुला कसं ग माहीत?" मी विचारलं. तर म्हणते, "इतकी वर्षं यांना दिवा कोण धरत होतं? तुम्ही पोरं अभ्यासाला पळायचात. यांना कुठलीच गोष्ट बेतानं आवळता आली नाही. लोणीसुद्धा डब्यात ठेवायचे ते झाकण दोघांनी उघडावं लागेल असं."

लोखंड तापेपर्यंत आम्ही दोघी तशाच पडून होतो. मी म्हटलं, मावशी एक वाक्य बोलली, त्याचं एवढं काय लावून घेतलंस? आईनं फडक्यावर आणखी थोडं पाणी ओतलं. मग म्हणाली, "अगं, ती बरोबर बोलली होती ना! खोटं बोलली असती तर मी कधीच विसरले असते. किती दिवस हे फाटकाबाहेर गेलंच नाही. मी रोज दिवा धरायची आणि मनात तेच म्हणायची. ते तिनं मोठ्यानं म्हटलं." आणि हसायला लागली. बाबांच्या माघारी तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. हसता हसता आम्ही दोघींनी नळाला हिसका दिला आणि बूच कर्रर्र करून फिरलं.

भरणं हा वेगळा अध्याय. नव्या तेलाच्या डब्याची तोटी टाकीच्या आड जाईना, म्हणून दवाखान्यातली मोठी पिचकारी आणून तिला रबरी नळी जोडली. भोकाच्या काठापर्यंत तेल आलं की थांबायचं, बोट आत घालून बघायचं. मी भरत गेले, ते आत जातच राहिलं. शेवटी काठाला आलं तेव्हा आई म्हणाली, "गाडी तिरकी उभी आहे. सपाट कर, मग माप बघ." मी घोड्या काढून गाडी खाली घेतली. तिरक्या गाडीत जास्तीचं गेलेलं सगळं तेल उघड्या भोकातून शांतपणे बाहेर आलं, आणि तुझ्या मेहुण्यांच्या पांढऱ्या बुटांत जाऊन बसलं. त्यांनी एक दीर्घ आलाप घेतला. थेंब पडायचे थांबले, मी बोट घालून काठाला तेल लागतंय ना ते पाहिलं आणि बूच लावलं. बेतानं!

सकाळी निघालो. आई पुढे, ताठ. वेग घेतला आणि मागून तोच गळा, तोच सूर! आता ते बूच पुन्हा उघडायचं, मी मनात म्हटलं. तेवढ्यात मागच्या सीटवरून तुझे मेहुणे म्हणाले, गाडी थांबव. उतरले (चपला घालून), टपावरच्या कॅरिअरची पोकळ नळी पाहिली, तिच्यात हातरुमाल कोंबला. पुढे सगळा रस्ता चिडीचूप. म्हणजे बासरी वर वाजत होती आणि आम्ही खाली ऑपरेशन करत होतो. पण ती वाजली नसती तर कोरड्या ॲक्सलनं अर्ध्या वाटेत प्राण सोडला असता.

मावशी फाटकातच उभी होती. आई गाडीतून उतरली. मग मावशीनं नाक मुरडलं. "कसला गं हा वास?" आई म्हणाली, "मागच्या ॲक्सलच्या तेलाचा. मी बदललं." मावशीनं खेचराला एक फेरी मारली, टायरला हळूच लाथ घातली, पुढचं दार उघडून आत बसली आणि मला म्हणाली, "बघतेस काय? फिरवून आण." आईला मागे बसावं लागलं. पहिल्या वळणाच्या आत दोघी एकाच वेळी बोलायला लागल्या होत्या, त्या अजून थांबलेल्या नाहीत, कारण मावशी आमच्याबरोबर परत आली आणि आता इथेच राहते आहे.

वहिनीला नमस्कार, मुलांच्या पाठीत माझ्या वतीनं एकेक प्रेमाचा धपाटा.

तुझी,
धाकटी

ता. क. खरं सांगायचं ते राहिलंच. पुढच्या रविवारी आई आणि मावशी खेचरातून तुझ्याकडे येताहेत. तुला चकित करायचा बेत आहे, म्हणून मी काही सांगितलेलं नाही. घरी राहा आणि चकित हो. गाडी मी चालवणार, तेव्हा काळजी नको.

ता. क. २. त्या मुक्कामाला येताहेत. किती दिवस ते विचारायची हिंमत मला झाली नाही, तू विचार.

(पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी. बाळ, आम्ही येतोय हे तुला कळलं ते बरंच झालं. गाडी ती चालवणार नाही, मी चालवणार आहे. शिकाऊ परवाना आला. ती आत दवाखान्यात असते तेव्हा बाहेर उभं खेचर काढून मावशी मला शिकवते. धाकटीला अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. तुझं फाटक सताड उघडं ठेव आणि समोरच्या कुंड्या आत घे. गाडी थांबवता येते मला, फक्त आधी ठरवलेल्या जागी अजून थांबत नाही. — आई)