खोटा पणजोबा

दादा, गेल्या महिन्यात सोयगावहून परत येताना दोन परक्या माणसांना मी एक गोष्ट सांगून टाकली. ती आधी तुम्हाला सांगायला हवी होती. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, म्हणजे सांगायची वेळ कधीच टळून गेली आहे. तरी लिहायला बसले आहे. आज रविवार आहे, शाळेला सुट्टी आहे आणि घरात कुणी नाही.

तो कुत्र्यांचा शो तुम्हाला आठवत असेल. कॉलेजच्या मैदानावर मांडव घातला होता. वाळूजच्या कारखान्यातली पहिली पाळी बुडवून तुम्ही आपली कारवानी जातीची शिकारी कुत्री घेऊन आला होतात. मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते आणि लेकीला इंग्रजी येतं म्हणून मला सोबत आणलं होतं. तिथली बाकीची कुत्री कूलर लावलेल्या गाड्यांतून उतरत होती. एक गृहस्थ आपल्या कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवत सगळ्यांना सांगत होते, याचा बाप जर्मनीचा आणि आई सर्बियाची. तुम्ही शांतपणे विचारलं, "आन् हे कुठलं?" ते म्हणाले, "हे इथलंच, सिडकोतलं." तुम्ही हसला नाहीत, मला मात्र हसू आवरेना. देशी कुत्र्यांची पाळी सगळ्यात शेवटी, टळटळीत दुपारी आली. सगळी मिळून तीनच कुत्री होती. परीक्षक म्हणून फिनलंडहून आलेल्या साठीच्या बाई होत्या, उंच, उन्हानं लालबुंद झालेल्या. परीक्षकानं कुत्र्याचे दात, पाठ, मांड्या हातानं तपासायच्या असतात, आणि आपली कुत्री तर घरच्या माणसांखेरीज कुणाला अंगाला हात लावू देत नव्हती. ती मागं मागं सरकायला लागली. मैदानावरचा एक कार्यकर्ता ओरडला, "हात लावू देत नसंल तर बाहेर काढा तिला." बाईंनी त्याला हातानंच थांबवलं आणि कुत्रीकडं पाठ करून त्या सरळ मातीत बसल्या. कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या. लोक कंटाळले. मग आपली कुत्री हळूच पुढं गेली आणि तिनं त्यांच्या केसांचा वास घेतला. तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

आपल्या कुत्रीला बक्षीस दिल्यावर बाईंनी विचारलं, हिचा बाप कोण? तुम्ही बाप सांगितला, बापाचा बाप सांगितला, आई, आईची आई, कोण कुठल्या गावात कुणाच्या दारात जन्मलं, कुणाच्या कानाला कशाची खूण होती, सगळं. मी भाषांतर करता करता दमले. साडू, व्याही, मामेभाऊ यांना इंग्रजीत धड वेगळे शब्दच नाहीत हे मला त्या दिवशी कळलं. बाईंनी वही काढून सगळं उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या खुलताबादच्या खालच्या आपल्या शेतात आल्या. आईनं त्यांना भाकरी आणि दही दिलं, आणि कुत्र्यांनाही ताकात चुरलेली भाकरीच घालतात हे पाहून त्यांना भारी नवल वाटलं. त्यांच्या देशात, शेजारच्या स्वीडनमध्ये, जर्मनीत अशी मोजकी माणसं होती, जी ही आपली जात तिकडं शुद्ध ठेवू पाहत होती. एकमेकांना कुत्री द्यायची, पिल्लं वाटून घ्यायची, नोंदी एकत्र ठेवायच्या, असं त्यांचं चाललेलं होतं. पुढच्या वेतातली एक पिल्ली मिळेल का, असं त्यांनी विचारलं. तुम्ही व्हय म्हणालात. त्यांनी किमतीची गोष्ट काढली तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "सांग त्यांला, लेक देताना पैसे घेत नाय आमच्यात."

पिल्लीबरोबर तीन पिढ्यांची वंशावळ पाठवायची होती. चौकटींचा कागद होता, प्रत्येक चौकटीत एक नाव. तुम्ही ओट्यावर बसून सांगत होतात आणि मी लिहीत होते. एक चौकट राहिली, पिल्लीच्या आईकडचा पणजोबा. तिची पणजी सोयगावला तुमच्या मावसभावाकडं होती. ती गाभण राहिली त्या हिवाळ्यात तिथं मेंढपाळांचा तळ पडला होता, त्यांच्याबरोबर एक कुत्रा होता, आणि तळ उठला तसा तोही गेला. "कारवानीच व्हता, ह्या डोळ्यांनी बघितला," तुम्ही म्हणालात, "पण कुनाचा, कुठला, माहीत नाय." मला ती रिकामी जागा खुपायला लागली. इतकी सुंदर भरलेली वंशावळ आणि मधेच दात पडल्यासारखं. तुम्ही पाणी प्यायला उठलात तेवढ्यात मी तिथं एक नाव लिहून टाकलं, वादळ. रंग तांबूस, गाव सोयगाव. तुम्ही परत येऊन कागद हातात घेतला. इंग्रजी वाचता येत नसलं तरी किती चौकटी भरल्यात ते तुम्हाला दिसत होतं.

"ह्याच्यात काय लिव्हलंस?"

मी सांगितलं. तुम्ही ओरडला नाहीत. कागदाची घडी घातली आणि फाडून टाकला. "माहीत नाय तिथं माहीत नाय असंच लिव्हायचं," म्हणालात, "कागद खोटा झाला की कुत्रं खोटं व्हतं." मग दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी मी नवा कागद भरला, त्या चौकटीत 'अज्ञात' लिहिलं, तुम्ही सही केली आणि पिल्ली गेली.

त्यानंतरची दोन वर्षं आपल्या घरात फिनलंडचीच होती. बाईंचे फोटो यायचे, मी कॉलेजजवळच्या दुकानातून ते छापून आणायची. लाल स्वेटर घातलेली आपली पिल्ली बर्फात उभी आहे, असा एक फोटो तुम्ही कारखान्यात नेऊन सगळ्या पाळीला दाखवलात. "एवढ्या गारठ्यात कातडी फुटंल की तिची," म्हणून तुम्ही मला बाईंना तीळतेल लावायला कळवायला लावलं, आणि बाईंनी खरंच लावलं. मग तिला पिल्लं झाली. त्याच सुमारास तुमचा खोकला वाढला, वजन उतरलं, आणि डॉक्टरांनी फुप्फुसाचं नाव घेतलं. तुमचं कामावर जाणं बंद झालं. आणि त्याच आठवड्यात बाईंचं ईमेल आलं. त्यांच्या संघटनेनं पिल्लांची नोंद नाकारली होती. त्यांच्या आईच्या कागदावर तिसऱ्या पिढीत एक चौकट रिकामी, म्हणून. दरम्यान दूरच्या एका बड्या कुत्रेवाल्यानं आपली कुत्री युरोपातल्या दुसऱ्या देशात पाठवली होती, पाच-पाच पिढ्यांच्या भरगच्च कागदांसकट. त्यांचे फोटो बघून तुम्ही म्हणाला होतात, "ही ग्रेहाउंडची भेसळ हाय, छाती बघ हिची." पण कागद चोख होते. आता त्यांचीच कुत्री मूळ वंश म्हणून धरली जाणार आणि आपली बाहेर राहणार, असं बाईंनी कळवळून लिहिलं होतं. वडिलांना त्या कुत्र्याबद्दल आणखी काही आठवतं का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. खोटं लिहा असं त्या म्हणाल्या नव्हत्या, हे मी त्यांच्यासाठी सांगून ठेवते.

दादा, मी तुम्हाला ते ईमेल वाचून दाखवलंच नाही. नवा कागद मागवला आणि त्या चौकटीत वादळ लिहिलं. रंग तांबूस, गाव सोयगाव. खाली तुमची सही मीच केली, तुमच्या त्या लांब शेपटीच्या 'र'सकट. मला वाटलं, खोटे कागदवाले जिंकतायत तर खरी कुत्री एका चौकटीपायी का हरावी? दीड महिन्यात नोंद झाली. पुढं आपल्या पिल्लीनं तिकडच्या एका मोठ्या शोमध्ये त्या भेसळवाल्यांच्या दोन कुत्र्यांना मागं टाकून पहिला नंबर घेतला.

तो फोटो मी दवाखान्यात आणला तेव्हा तुम्हाला ऑक्सिजन लावलेला होता. तुम्ही मास्क बाजूला केलात, फोटो डोळ्यांजवळ धरलात. पाठ बघितली, मांड्या बघितल्या. मग विचारलंत, "नोंद कशी झाली? ती जागा तर मोकळी व्हती." मी म्हणाले, "त्यांनी मान्य केली, दादा. रिकामी जागा चालवून घेतली." तुम्ही फोटो उशाशी टेकवून ठेवलात. "बघ," म्हणालात, "खरं लिव्हलं तरी चालतंय." त्यानंतर जो भेटायला येईल त्याला तुम्ही हेच सांगायचात. काकांना सांगितलं, कारखान्यातल्या दोस्तांना सांगितलं, सलाइन लावायला येणाऱ्या सिस्टरला सांगितलं. एवढ्या मोठ्या देशात, म्हणायचात, एका अडाणी माणसानं माहीत नाय लिव्हलं, आन् त्यांनी ते मानलं. मी उशाशी बसून ऐकायची. अकरा दिवस ऐकलं. बाराव्या दिवशी तुम्ही गेलात.

मग लग्न, शाळेची नोकरी, आई गेली, शेत काकांच्या मुलांनी कसायला घेतलं, कुत्री कमी होत होत संपली. यंदा उन्हाळ्यात फिनलंडहून पुन्हा ईमेल आलं. बाई आता फार थकल्या आहेत, त्यांचं काम पाहणाऱ्या एका जोडप्यानं लिहिलं होतं. आपल्या पिल्लीचा वंश तिकडं चार देशांत पसरला आहे, पण सगळी एकमेकांच्या नात्यातलीच झाली आहेत. पिल्लं जगत नाहीत, काहींना फेफरं येतं. म्हणून त्या देशांच्या संघटनांनी मिळून ठरवलं की मूळ मुलखातून नवं रक्त आणायचं. नोंदींतल्या एका नावाभोवती त्यांनी गोल केला होता. वादळ, सोयगाव. त्याच्या भावंडांची पिलावळ तिथं कुठंतरी असणार, असा त्यांचा हिशेब होता. दोघं स्वतःच्या रजा घालवून येणार होते.

मी त्यांना येऊ दिलं, दादा. ईमेलवरच सांगता आलं असतं. रोज उद्या सांगू म्हणत राहिले, आणि एक दिवस ते विमानतळावर उतरले. चार दिवस आम्ही सोयगावच्या आसपास फिरलो. त्या जोडप्यातली मुलगी प्रत्येक दारात फोनवरची आपल्या पिल्लीची तसबीर दाखवायची आणि माझ्याकडं बघायची, मी विचारावं म्हणून. मी विचारायची. तुमचे मावसभाऊ अजून आहेत, ऐंशी ओलांडलेत. त्यांच्या ओट्यावर बसल्यावर मी विचारलं, तर ते म्हणाले, "वादळ? आमच्यात नव्हतं बाई असलं कुत्रं. ते मेंढक्याचं व्हतं, त्याला कोन नाव ठेवतंय! तुझ्या बापानं इचारलं व्हतं की मला, धा येळा." तुम्ही दहा वेळा विचारलं होतं, हे मला माहीत नव्हतं. ती मुलगी म्हणाली, काय म्हणतायत ते? मी म्हणाले, गाडीत सांगते.

फर्दापूर मागं पडल्यावर मी सांगितलं. तिचा जोडीदार नुसता खिडकीबाहेर बघायला लागला. तिचे डोळे भरून आले, पण आवाज अगदी सरळ होता. तिनं एकच विचारलं, "मग बाकीची नावं?" मी म्हणाले, बाकीची सगळी खरी आहेत, माझ्या वडिलांनी एकेक तोंडानं सांगितलेली. ती म्हणाली, "ते तुम्ही सांगताय." सिल्लोड आलं, फुलंब्री आलं, कुणीही चहाला थांबू म्हणालं नाही.

आता तिकडून पत्र आलं आहे. तुमच्या पिल्लीच्या वर असलेली सगळी नावं, आईकडची आणि बापाकडची, त्यांनी नोंदीतून काढली. चौदाच्या चौदा जागी 'अज्ञात' छापून येईल. पणजीपर्यंतची जी माणसं आणि कुत्री तुम्ही न अडखळता म्हणून दाखवत होता, ती कागदावरून गेली. नवं रक्त आता ते तपासण्या करून, दुसऱ्या जिल्ह्यातून नेतील. त्यांचं काम थांबणार नाही, आणि ते बरंच आहे. बाईंनी थरथरत्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या आहेत. ती सही तुझ्या वडिलांची नव्हे हे मी ओळखायला हवं होतं, असं म्हणतात. मला रागावलेल्या नाहीत. तुम्हीही मला कधी मारलं नाहीत.

त्या दोघांना निरोप देताना मी म्हणाले, आजारी बापाला जिंकलेलं बघायचं होतं म्हणून मी ते केलं. त्यांनी ते मान्य केलं, तिनं माझा हात हातात घेतला. पण दादा, नोंद नाकारल्याचं कळवणाऱ्या बाईंच्या त्या ईमेलला शेवटी आणखी एक ओळ होती. पिल्लांची नोंद झाली तर उन्हाळ्यात त्यांच्या शोला आपण दोघांनी पाहुणे म्हणून यावं, आणि वडिलांना प्रवास झेपणार नसेल तर तू एकटी ये, असं लिहिलं होतं. कागद पाठवला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुमच्यासाठी औषधं आणायला म्हणून मी बाहेर पडले, आणि आधी पासपोर्टसाठी फोटो काढून घेतले. निळ्या ओढणीचा ड्रेस घातला होता. एकटीचेच काढले.