बोनेट गरम का असते?

६ डिसें., शनि.
…म्हणजे आजपण तेच. बोनेट गरम. मागच्या रविवारी पप्पा न् मी जाफराबादला अण्णांनी विकायला काढलेली पेट्रोल SUV पाहायला गेल्तो, तेव्हापण गरमच होतं. अण्णा म्हणजे पप्पांचे हॉस्टेलचे रूममेट. तेव्हा म्हणले, "राजूरला गणपतीला दाखवून आणली." आजपण राजूर. पेढे दिले.
स्कॅनर लावला. फोनवर एकपण फॉल्ट कोड न्हाई. ऑइलचं झाकण उघडून आतून पाह्यलं, पांढरा फेस न्हाई, म्हंजे ऑइलात पाणी न्हाई. आवाज मख्खन. मंग मला खटकून काय राह्यलं?

८ डिसें., सोम.
हबीब मेस्त्रीकडं गेल्तो, बाइकचं ऑइल बदलायला. कोडचं सांगितलं तर हसले. "कोड तं मोबाइलवरून साफ होते बेटा. ठंडी चालू करून पाह्यली का?"
न्हाई.
"मंग काय पाह्यलं तू? रातभर उभी गाडी सकाळी पयल्यांदा चालू कर, न् सायलेन्सरकडं पाह्य. निळा धूर म्हंजे ऑइल जळून राह्यलं. मंग प्लग काढून कम्प्रेशन, म्हंजे इंजिनचा दाब चेक करावं लागते."
घरी पप्पांना बोललो. पेपर खाली न ठेवता म्हणले, "अण्णावर शक घेतो का?"
पप्पांच्या रिटायरमेंटचा पैसा न् चाळीस वर्षांची दोस्ती, दोन्ही त्या एका इंजिनात. पुढच्या सोमवारी टोकनचे पैसे द्यायचे.

१३ डिसें., शनि.
अण्णांना फोन केला, मुक्कामी येऊ का. बिलकुल खुश. "ये की, काकू धपाटे करते." गिल्टी वाटून राह्यलं. तरी एसटीत बसलो.

१४ डिसें., रवि.
सहाला उठलो. बोनेटवर हात ठेवला, बर्फ. मागून अण्णा, मफलर, हातात किल्ली. "उठलास का? थांब, जरा गरम करतो."
"अण्णा, मी करू चालू?"
मफलर सारखा केला. मंग किल्ली दिली.
चालू होताच इंजिनातून टिक-टिक-टिक, दहाएक सेकंद. आरशात धूर, निळा. थोडाच. मंग गायब. मंग तोच मख्खन आवाज.
अण्णा म्हणले, "थंडीत एवढं करते ती. पाव्हण्यापुढं करू नये म्हणून आधी फिरवून आणतो."
असं सांगत होते, जसं कोणी घरातल्या माणसाचा खोकला सांगते. खरंच कळलं न्हाई, लपवत होते का सांभाळत.
धपाटे खाल्ले. स्टँडवर सोडायला आले. बस लागली तेव्हा हळूच म्हणले, "धुराचं पप्पाला तू सांगतो, का मी सांगू?"
"तुम्हीच सांगा, अण्णा."
आता संध्याकाळचे सात. पप्पा उद्या टोकनला घालायचा शर्ट इस्त्री करून राह्यले. अण्णांचा फोन न्हाई आला अजून.
तुम्ही असता तर थांबला असता, का स्वतःच सांगून टाकलं असतं?