साडेतीन तास पुढचं घड्याळ

४ फेब्रुवारी, बुधवार
वैशूचा फोन. तिच्या लष्करी दवाखान्यातून शांतिसेनेसाठी नर्सा मागितल्यात. आफ्रिकेत. तिचे बाबा होते त्याच देशात. नाव १४ तारखेपर्यंत द्यायचं.
"आई, तू नाही म्हटलंस तर मी नाव देत नाही. पण हो म्हणायचं तर मनापासून म्हण."
मी म्हटलं, पोळी तव्यावर आहे, ठेवते. तव्यावर काहीच नव्हतं.

५ फेब्रु.
शेजारच्या शकुनबाईंना भिंतीपलीकडून सगळं ऐकू जातं. तुरीच्या शेंगा सोलायला आल्या नि म्हणाल्या, "एक माणूस दिला ना वं तुम्ही त्या जगाले. आता पोरगी काहून? बाकीच्या देशांत माणसं सरली का?"
मी शेंगा सोलल्या.
यांना जाऊन नऊ वर्षं झाली. दोन गावांत वैर, आणि मध्ये एकच बोअर. दोन्हीकडच्या बाया पाणी भरेपर्यंत हे तिथे उभे राहायचे, एवढंच काम. गोळी कोणत्या गावाची होती ते कागदात लिहिलेलं नाही.

६ फेब्रु.
स्वयंपाकघरातलं दुसरं घड्याळ अडखळायला लागलं. यांच्या वेळेचं. हे तिकडे निघाले तेव्हा मीच लावलं होतं. तिकडची वेळ साडेतीन तास मागे, मी लावलं पुढे! आठ महिने रोज संध्याकाळी सहाला त्याच्याकडे बघून म्हणायची, झोपा आता, साडेनऊ झाले.
सुटीवर आले तेव्हा बघून हसत सुटले. "तरीच मले तिथं भर दुपारी अडीचले जांभया येत!"
मी काटे फिरवायला गेले तर हात धरला. "राहू दे वं. परत आलो का मीच करतो."
नवी बॅटरी घातली. काटे होते तेवढेच पुढे ठेवले.

१० फेब्रु.
सदर भागातल्या वाचनालयात गेले. ज्यांची ही शांतिसेना, त्या सगळ्या देशांनी महायुद्ध संपता संपता मिळून केलेली सनद मराठीत आहे का, विचारलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "परीक्षा देऊन राहिल्या का आजी?"
म्हटलं, हो. शनिवारी आहे.

११ फेब्रु.
वाचते आहे. सातवीनंतर शाळा नाही, कलमं जड जातात. सुरुवात मात्र दोनदा वाचल्यावर समजली. लिहिणारे कोणी साधू नव्हते. एका जन्मात दोन महायुद्धं बघितलेली, आपली पोरं पुरून आलेली माणसं. पुढच्यांच्या वाट्याला हे नको, हेच त्यांनी सगळ्यात आधी लिहिलं. आपला देश तेव्हा स्वतंत्रसुद्धा नव्हता, तरी आपली सही आहे. यांना सांगायला हवं होतं.
चहाचे दोन कप काढले. बऱ्याच महिन्यांनी असं झालं.

१२ फेब्रु.
सनद संपली. शांतिसेना हा शब्द कुठेच नाही. पुन्हा पहिल्यापासून बोट ठेवून बघितलं. नाही. भांडणाऱ्यांच्या मध्ये उभा राहणारा माणूसच त्यात नाही. इतका राग आला की तशीच बस धरून वाचनालयात गेले.
बाई म्हणाल्या, "नाहीच आहे आजी. ते मागाहून सुचलं त्यांना. कागदानं भांडणं थांबत नव्हती, मग माणसं उभी करा लागली."
परतताना यांचं पत्र आठवत राहिलं. 'बंदूक आहे, पण आधी चालवायची नाही. मधात उभं राहायचं. दोन्हीकडून शिव्या आल्या का समजायचं, बरोबर जागी आहोत.'

१३ फेब्रु.
शकुनबाईंना विचारलं, त्या बोअरला अजून पाणी असेल का हो?
"मले काय माहीत? जाऊन पाहा लागते." म्हणाल्या आणि एकदम उठल्या. मग माझ्या पदरात चार संत्री टाकून निघून गेल्या.

१४ फेब्रु., शनि.
सकाळी घड्याळ खाली उतरवलं. हे येऊन करणार होते. पुसलं, मांडीवर घेतलं, काटे सात तास मागे, तिकडच्या खऱ्या वेळेवर नेले. फिरवताना वाटलं, थोडं आणखी फिरवावं. आणखी...
इथे साडेआठ. तिकडे आता पाच. म्हणजे अजून उजाडलं नसेल. बाया पाण्याला निघाल्या नसतील. बोअरवर कोणी उभं नसेल.
वैशूने नऊला करते म्हटलं होतं. आत्ताच वाजतो आहे फोन.