भोकांचं सिमेंट

हिंगोली,
दि. ३ फेब्रुवारी २०२५

चि. करुणा हिस,
भीमराजदादाचा जयभीम.

फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत न्हाईस, म्हणून लिहून राहिलो. आई जिन्यावरून पडली, गुडघ्याखालचं हाड चेपून आत पोकळी झाली, हे तुला माहीतच आहे. सूज उतरली की ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, प्लेट-स्क्रू बसवू आणि पोकळीत कॅल्शियम फॉस्फेटचं सिमेंट भरू. तेच, ज्यावर तू पीएच.डी. करून राहिलीस. त्यात भोकं किती, असं मी विचारलं. निम्म्याच्या आसपास, म्हणे. मी तिथंच हसलो.

माझ्या स्लॅबात बोटाएवढी पोकळी निघाली तर मी गवंड्याला घरी पाठवतो. आणि तुम्ही इतकं शिकून भोकांचं सिमेंट बनवता, वर त्याला संशोधन म्हणता. राणीला सांगितलं की तुझी नणंद पुण्यात चाळण्या बनवते. डॉक्टरांनाही बजावलं, भरीव माल भरा, न्हाईतर माझी सही मिळणार न्हाई.

राग येईलच. तो ओसरला की आठवण काढ.
तुझा,
भीमराज

पुणे,
दि. ७ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
स. जयभीम.

पत्र मिळालं. अक्षर सुधारलं, अक्कल तिथंच आहे. आई म्हणजे पाण्याची टाकी नव्हे, गळेल म्हणून भोकं बुजवायला. त्या बारीक छिद्रांत शरीरातलं पाणी मुरतं, पेशी सिमेंट हळूहळू कुरतडतात आणि त्या जागी तिचं स्वतःचं हाड धरतं. तुझा भरीव गोळा आत परका पडून राहील.

छिद्रं वाढली की ताकद घटते, हे मला तुझ्याकडून शिकायचं नाही. मिसळताना द्रव जास्त झाला की आमचाही माल कच्चाच राहतो. हे सिमेंट दाब सोसतं, वाकवलं की तुटतं, म्हणूनच प्लेट. म्हणूनच डॉक्टर म्हणतील तोवर तिनं पाय टेकायचा नाही. आणि हो, स्वतःच्या जिन्याला कठडा न लावणाऱ्यानं मजबुतीवर बोलू नये.

नमुने यंत्रात दाबायचे आहेत, त्यामुळे येणं जमणार नाही. वहिनीला जयभीम सांग.
माया असू दे, मूर्खपणा आवर.
करुणा

हिंगोली,
दि. ११ फेब्रुवारी २०२५

चि. भीमराज व चि. करुणा,
दोघांस अ. आ. व जयभीम.

एकच मजकूर दोन कागदांवर लिहून राहिले. करुणाचं पत्र भीमराजनं माझ्या खाटेपाशी मोठ्यानं वाचलं, चुका काढायला. जन्मभर अंगणवाडीत भांडणारी लेकरं पाहिली, पण इतकी खुळी न्हाई पाहिली.

डॉक्टरांना मीच विचारलं. करुणाचं बराबर निघालं, म्हणून तिनं फुगू नये. सही मी केली. पाय माझा आहे, भीमराजच्या सहीवाचून कोणाचं अडलं न्हाई. सतरा तारखेला सकाळी ऑपरेशन आहे.

भीमराज, तू रोज येतोस, एक्स-रे उजेडाला धरतोस आणि निघून जातोस. करुणा, तू फोनवर पावडर कोणती, द्रव किती, एवढंच विचारतेस. दुखतं का, हे मला फक्त इथं दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या मिराबाईनं विचारलं. लई दुखतं, असं तिला सांगितलं. रडलेही तिच्यापाशीच.

त्या सकाळी ती ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी थांबणार आहे. तुम्हाला सवड झाली तर या.
तुमची आई,
केशरबाई