दोरीच्या पलीकडचं पाणी

४ मार्च

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे. हे वाक्य मी दर पत्रात लिहितो आणि दर वेळी ते अर्धंच खरं असतं, हे तुला माहीत आहे. आईची नजर पूर्ण गेल्याला परवा दोन वर्षं झाली. एकतीस वर्षं तलावावर शिट्टी मारून अर्ध्या शहराला पोहायला शिकवणारी बाई आता पलंग, खुर्ची आणि न्हाणीघर एवढ्याच वाटेने चालते. खिडकी उघडू का विचारलं तर म्हणते, उघड किंवा नको उघडू, मला सारखंच.

आता बातमी. हिच्या मामांची शहराबाहेर तळ्याकाठी एक जमीन आहे. त्यांचे गुडघे आता तिथवर जाऊ देत नाहीत, म्हणून त्यांनी ती हिच्या नावावर करून दिली. मी जेवताना सहज विषय काढला, की उन्हाळ्यात राहायला तिथे दोन खोल्यांचं लाकडी घर बांधावं. आई जेवत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बूट घालत होतो, तर तिने खोलीतून विचारलं, काठाशी पाणी किती खोल आहे रे?

ताई, दोन वर्षांत तिने स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न. मी शाळेत उशिरा पोचलो. घर बांधायचं ठरलं.

लोभ आहेच, या कामापुरता थोडा वाढवून मिळावा.

तुझा,
धाकटा


१५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग झोप उडाली. भिंतीत एक खिळा ठोकायचा तर तुला दोन दिवस आणि चार जण लागतात. तू घर बांधणार? आणि तेही पाण्याच्या काठाला, जिला समोरचा पेला दिसत नाही तिच्यासाठी? अरे, आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

मी पुन्हा सांगते, आईला माझ्याकडे पाठव. चौथा मजला आहे, पण लिफ्ट आहे. शेजारच्या काकू दिवसभर घरात असतात. सगळं हाताशी असेल आणि पाय घसरण्यासारखं काही नसेल. तिला काय हवं ते मी बघीन.

मला इतक्यात तिकडे येता येणार नाही. छापखान्यात शाळेच्या पुस्तकांची प्रुफं येऊन पडली आहेत, मान वर करायला फुरसत नाही. डोकंही अधूनमधून दुखतं, ते काही विशेष नाही. आईला हे सांगू नकोस.

वहिनीला आणि तुझ्या छोट्या खारूला गोड पापा. राग मानू नये. मानलास तरी पत्र लिहावं.

तुझी,
ताई


१४ एप्रिल

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

आईला तुझ्याकडे येण्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, चौथ्या मजल्यावर तळं आहे का?

घर उभं राहतंय. जमीन साफ करणं, रंग देणं आणि शिव्या खाणं एवढं माझ्याकडे आहे. बाकी सगळं सुतारमिस्त्री करतात. मिस्त्री साठीचे आहेत, दिवसाला दहा शब्द बोलतात, त्यातले सात मला ‘हात काढा’ म्हणण्यात जातात. पहिलं दार मी बसवलं. ते आत उघडायचं आणि थेट चुलीवर आपटायचं. ही म्हणाली, घरात शिरायचं की स्वयंपाक करायचा ते रोज सकाळी ठरवू. मिस्त्रींनी दार काढलं आणि उलटं बसवलं. बोलले काहीच नाहीत, ते जास्त लागलं.

आई सुट्टीच्या दिवशी आमच्याबरोबर येते. पालथ्या बादलीवर बसते आणि रंधा मारलेल्या फळीवरून हात फिरवते. गेल्या रविवारी ती नव्या जमिनीवर अनवाणी चालली आणि म्हणाली, हा कोपरा उतरता आहे. मिस्त्रींनी पाणसळ लावून पाहिली. बोटभर उतार निघाला. तेव्हापासून मिस्त्री प्रत्येक खोली आधी तिला चालून दाखवायला सांगतात.

आता तुला न आवडणारा भाग. काठावर लाकडी पायऱ्या केल्या आहेत. शेवटच्या पायरीच्या खांबापासून पाण्यात चाळीस पावलांवर एक रिकामं पिंप तरंगत ठेवलंय, आणि खांबापासून पिंपापर्यंत दोरी ताणली आहे. आई त्या दोरीच्या कडेने पोहते. जाताना उजवा हात दोरीला, येताना डावा. पहिल्या दिवशी ती पाण्यात उतरली तेव्हा मी छातीभर पाण्यात कपड्यांनिशी उभा होतो. ती मला म्हणाली, बाजूला हो, तुझ्यामुळे लाटा येतात.

ती आता जेवणात मीठ कमी पडलं तर बोलते. ताई, तू येऊन बघ.

तुझ्या धाकाखालीच, पण सुखात,
धाकटा


२ मे

चि. सौ. का कुमारी म्हणू, तू लग्नाचा विषय काढू देत नाहीस, म्हणून नुसतं लेकीस,
अ. उ. आ.

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. सूनबाईने पुठ्ठ्याला ओळीएवढी फट पाडून दिली आहे, ती कागदावर सरकवत लिहायचं. एक ओळ दुसरीवर चढली असेल तर दोघींना वेगळं करून वाच. चुका काढण्यातच तुझा जन्म चालला आहे.

तू धाकट्याला लिहिलेली पत्रं मला वाचून दाखवतात. तू विचारतेस, आईचा पाय घसरला का, आईला सर्दी झाली का, आई एकटी असते का. बरं वाटतं का, हे एकदाही विचारलं नाहीस. म्हणून न विचारताच सांगते, बरं वाटतं. पाण्यात मला कुणी हात धरून नेत नाही. खारूला पाय मारायला शिकवते आहे. तिच्या पायांचा आवाज ऐकला की गुडघा वाकतोय का ते मला कळतं.

तू आजकाल पत्रात स्वतःबद्दल काही लिहीत नाहीस. पूर्वी दोन पानं भरून भांडायचीस. आई आंधळी झाली तरी आईच आहे, एवढं ध्यानात ठेव.

हात दुखला, थांबते. आशीर्वाद ओळीबाहेर गेले असतील, तिथून उचलून घे.

तुझी,
आई


२६ मे

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

आधी हे वाच: सगळे सुखरूप आहेत. आता बस आणि पुढचं वाच.

शाळेला सुट्टी लागली आणि आम्ही मुक्कामाला इथे आलो. काल सकाळी सातला उठलो तर बाहेर पांढऱ्या भिंतीसारखं धुकं. पायऱ्या दिसत होत्या, त्यापुढे काही नाही. आईची खुर्ची रिकामी, चपला पायरीवर. मी दोरी धरून ओढली आणि ती सहज हातात आली. पिंपाकडची गाठ सुटली होती. ती गाठ मी बांधलेली होती, मिस्त्रींनी नाही.

मी हाक मारली. उत्तर नाही. हिला झोपेतून उठवण्याचंही भान राहिलं नाही, तशीच मामांची जुनी नाव लोटली आणि वल्ही मारत सुटलो. आई, आई, म्हणून घसा फाटेपर्यंत ओरडत होतो. पाच मिनिटांत मागचा काठ दिसेना. दहा मिनिटांत काठ मागे आहे की पुढे तेही कळेना. मुलांना दिशा शिकवणारा मी भूगोलाचा मास्तर, माझ्याच वल्ह्याचं टोक मला दिसत नव्हतं. मी वल्हवायचं थांबलो. एकच विचार होता, आता ताईला काय लिहू. तुझं पत्र डोळ्यांसमोर आलं, तुझं अक्षर, आगीतून फुफाट्यात. तू बरोबर होतीस आणि मी आईला मारलं, असं मी त्या नावेत बसून मनात चारदा म्हणालो.

मग ओरडणं थांबल्यावर एक आवाज ऐकू आला. पत्र्यावर हातोडा. दोन ठोके, मध्ये थोडी जागा, पुन्हा दोन ठोके. थांबतच नव्हता. त्या आवाजाच्या रोखाने वल्हवत गेलो. तो मोठा होत गेला आणि नाव चिखलात रुतली. समोर काठावर आई. अंगावर घोंगडी, केस ओले, एका हातात मिस्त्रींचा हातोडा, दुसऱ्या हातात डांबराचा रिकामा डबा. शेजारी मिस्त्री चहाचा पेला धरून उभे.

झालं होतं असं. दोरी सैल पडून हातातून निसटली तसं आईला समजलं. तिने पोहणं थांबवलं, जागच्या जागी पाय मारत राहिली आणि कान दिला. मिस्त्री त्या दिवशी लवकर येऊन छपराचे उरलेले पत्रे ठोकत होते, घाबरून ओरडणाऱ्या मला ते ऐकूच आलं नव्हतं. म्हणजे घर तिकडे. ती हातोड्याच्या आवाजाकडे पोहत आली. पायऱ्या चुकल्या, वीस पावलं पलीकडे लव्हाळ्यात निघाली एवढंच. मिस्त्रींना विचारलं, मुलगा कुठाय? ते म्हणाले, तुम्हाला शोधायला गेलेत. तिने त्यांचा हातोडाच मागून घेतला.

मी विचारलं, माझ्या हाकेला ओ का दिली नाहीस? ती म्हणाली, दोनदा दिली, पण तू ओरडायचा थांबशील तर ऐकशील. तुला डोळे आहेत ना, म्हणून तुला धुक्याची भीती. मला ते होतं हेच काठावर आल्यावर कळलं.

ताई, मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो, चाळीस वर्षांचा घोडा. मिस्त्रींनी तोंड फिरवलं आणि जाऊन पिंपाची गाठ स्वतः बांधून आले. आजपासून आई पाण्यात असताना आमच्यापैकी एक जण काठावर, हा नियम तिने तोंड वाकडं करून मान्य केलाय. तुला काय शिक्षा द्यायची ती दे. मी लपवणार नाही असं ठरवलं होतं.

अक्षर पोटात घाल.

तुझा,
धाकटा


६ जून

ती. आईस शि. सा. न.,
आणि चि. धाकट्यास अ. उ. आ.

हे पत्र दोघांना आहे. वहिनी, तू वाचून दाखवशील तेव्हा मध्ये थांबू नकोस.

धाकट्या, तुला शिक्षा नाही. तुझं पत्र मी छापखान्यातच फोडलं. वाचून झाल्यावर टेबलावर डोकं ठेवलं, तर खिळे जुळवणारा जुळारी धावत आला, त्याला वाटलं कुणी गेलं. मी म्हटलं, कुणी गेलं नाही, आमची आई परत आली.

आता माझी चूक सांगते. जानेवारीत माझ्या हातून ओळींच्या शेवटच्या चुका सुटू लागल्या. एकदा नव्हे, तीन फर्म्यांत, म्हणजे जवळजवळ पन्नास पानांत. मी घाबरले. आईचा आजार रक्तातून येतो हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. मी डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन तपासणी केली आणि निकाल आणायला गेलेच नाही. तीन महिने त्या रस्त्याने जायचं टाळत होते, बस बदलून यायचे. आई, तुला माझ्याकडे बोलावत होते, आणि तू नाही म्हणालीस की मला सुटल्यासारखं वाटायचं, हेही लिहून टाकते. तुझ्याकडे बघितलं की मला पुढची मी दिसायची. म्हणून मी आले नाही. छापखान्याचं काम होतं, पण तेवढं नव्हतं.

धुक्याचं पत्र आल्यावर दुसऱ्या दिवशी सरळ दवाखान्यात गेले. डोळ्यांतला दाब वाढलेला आहे. सुरुवात आहे. पण नस अजून जवळजवळ धड आहे, आणि सकाळ-संध्याकाळ थेंब टाकले, सहा महिन्यांनी दाखवत राहिले, तर नजर टिकण्याची खूप आशा आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी विचारलं, मग ओळींच्या शेवटच्या चुका? त्यांनी माझा चष्मा हातात घेतला आणि विचारलं, हा केव्हाचा? सात वर्षांचा. त्या म्हणाल्या, चुका आजाराच्या नाहीत, चष्म्याच्या आहेत. जिन्यात बसून मी इतकी हसले की शिपाई पाणी घेऊन आला.

धाकट्या, तूही या आठवड्यात डोळे तपासून घे. ही विनंती नाही. मी रजा टाकली आहे. अठरा तारखेला निघते.

रागावून का होईना, पण लवकर जवळ घ्या.

तुमची,
ताई


११ जून

प्रिय लेकीस,
अ. उ. आ.

सूनबाई न थांबता वाचू शकली नाही. दोनदा थांबली. धाकटा काल तपासून आला, त्याचे डोळे ठणठणीत आहेत. त्याला गाठ बांधता येत नाही तो दोष वेगळा.

तू खरं सांगितलंस, आता मी सांगते. मला दिव्याभोवती कडी दिसू लागली आणि बाजूचं दिसेनासं झालं, तेव्हा मी अजून नोकरीत होते. कळलं तर तलावावरून काढतील म्हणून कुणाला बोलले नाही. तुमच्या बाबांनाही नाही. चार वर्षं लपवलं. डॉक्टरांकडे गेले तेव्हा वाचवण्यासारखं फार उरलं नव्हतं. तुम्हा दोघांना मी सांगितलं की अचानक झालं. ते खोटं होतं. तू तीनच महिने लपवलंस, म्हणजे माझ्यापेक्षा शहाणी निघालीस. तुझं पत्र ऐकल्यावर मी बाहेर येऊन पायरीवर बसले. खूप दिवसांनी छाती मोकळी झाली.

तुझी खाट खिडकीशी लावली आहे. मिस्त्री स्वतः येऊन करून गेले. थेंबांची बाटली विसरू नकोस, आणि पाण्यात उतरायचे कपडे आण. कारण देऊ नकोस. आख्ख्या शहराला पोहायला शिकवलं आणि पोटची पोर तेवढी कोरडी राहिली, हे मला एकतीस वर्षं लोक हसून सांगत आले. तू सात वर्षांची असताना माझ्या गळ्याला मिठी मारून बसायचीस, सोडायचीच नाहीस, आणि मला तेव्हा शिकवायला शंभर पोरं असायची. आता कुणी नाही. वेळच वेळ आहे.

पायऱ्यांपाशी पाणी कमरेएवढं आहे, सकाळी नऊनंतर ऊब येते. मी तुझा हात धरीन. मग सोडीन. सोडताना सांगून सोडीन.

वाट बघते, हे मी म्हणू शकते.

तुझी,
आई